एका मशीनवर दोन बिल्ले

३ नोव्हेंबर, सोमवार
बारा नंबरचा कम्प्युटर गेला. दुपारी लाईट आली ती दणक्यातच आली, मशीनमधून जळका वास. डिस्क तेवढी वाचली. ती काढून अकरा नंबरच्या पोटात बसवली, खोकं तुमसरला दुरुस्तीला पाठवलं.
भिंतीवर मीच ऑइलपेंटने लिहिलंय: ‘पुस्तकं – ११, सराव पेपर – १२’. नेटवर्कवरचा नंबर खरं तर लांबलचक आहे, आम्ही शेवटचा आकडाच बोलतो. आता त्यातलं अर्धं खोटं झालं. पेपर अकराच्या पोटात आहेत, पण बारा पुकारलं तर कोणी ओ देत नाही. पोरींच्या टॅबमध्ये पेपरांसाठी बारा नंबर कायमचा कोंबलेला, बदलता येत नाही. ज्याने बसवून दिले तो पुण्याला, फोन उचलत नाही.
विहाराची अभ्यासिका आज सात वाजताच बंद केली. वाईट वाटलं.

४ नोव्हें., मंगळ.
आसगावहून बाईचा फोन. थोरली बहीण माझी, एकटीच राहते. मोतीबिंदूची तारीख मिळाली, १४, पवनीला.
“तू आलास त डोरा करतो, नाही त राहू दे.”
येतो म्हणालो. म्हणजे चार दिवस तरी तिथे. आणि रविवारी १६ ला इथे पोलीस भरतीचा मोठा सराव पेपर. पोरी महिनाभर त्याच्या मागे आहेत. बारा नंबर तोवर उभा राहायला हवा, आणि माझ्याशिवाय उभा राहायला हवा.

५ नोव्हें., बुध.
प्रणाली आली होती. अभ्यासिकेत सगळ्यात आधी येणारी आणि सगळ्यात जास्त बोलणारी.
“काका, बारा नंबर अकरावरच बसवा ना. एका कम्प्युटरले दोन नंबर देता येते.”
“नाही जमत,” म्हटलं.
“काहून?”
तिला कसं सांगू? एकतीस वर्षं खाणीच्या लॅम्परूममध्ये काढली. पितळेचा बिल्ला खुंटीवर टांगायचा, दिवा घ्यायचा, खाली जायचं. खुंटीवर बिल्ला म्हणजे माणूस खाली. एका माणसाला एक बिल्ला, यात दयामाया नाही. एकदा एकाने मित्राची हजेरी लागावी म्हणून स्वतःच्या बिल्ल्याबरोबर त्याचाही टांगला. पाळी सुटली, सगळे वर आले, एक बिल्ला खुंटीवरच. अडीच तास खाली शोधाशोध. मित्र घरी मटण चापत बसला होता. दोघांना मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.
तेव्हापासून एका अंगावर दोन नंबर म्हटलं की मी आधी नाहीच म्हणतो.

६ नोव्हें., गुरु.
बायको शीला म्हणते, “रिटायर होऊन सात वर्सं झाले, बिल्ले मोजनं काही सुटलं नाही तुमचं.” ती चहा ओतत होती आणि हसत होती. मीही हसलो, पण थोडंच.

७ नोव्हें., शुक्र.
सकाळी दाढी करताना सुचलं. त्या वेळी गुन्हा काय होता? बिल्ला खुंटीवर आणि माणूस घरी. इथे तर बाराची डिस्क अकराच्या पोटात आहे. बारा नंबरचा माणूस खरोखर आत आहे! मग त्याचा बिल्ला टांगायला काय हरकत?
अर्धा गाल तसाच ठेवून अभ्यासिकेत गेलो. एका ओळीचा हुकूम टाइप केला: याच नेटवर्क कार्डावर बारा नंबरही घे. घेतला. टॅब उघडला, पेपर समोर. प्रणालीने टाळ्या वाजवल्या, मग माझा गाल पाहून आणखी हसली.
चार वाजता लाईट गेली. आली. अकरा हजर, बारा गैरहजर.
हुकूम तोंडी होता, मशीन झोपून उठलं की विसरतं. म्हणजे रोज मी हवाच.

८ नोव्हें., शनि.
मशीन उठलं की तोच हुकूम आपोआप चालावा अशी चिठ्ठी लिहून ठेवली. पाच वेळा बंद-चालू केलं. तीनदा बारा आला, दोनदा नाही.
हे असं तळ्यात-मळ्यात मला अजिबात चालत नाही. एकदाही न येणारं परवडलं.
शीला डबा घेऊन आली. “त्या मशीनले दम त घेऊ द्या!”

१० नोव्हें., सोम.
कारण कळलं. नेटवर्कचं कार्ड उठायला कधी वेळ लावतं. माझी चिठ्ठी त्याआधीच नंबर पुकारून मोकळी. माणूस आंघोळीला आणि हजेरी संपली.
कारण कळलं, उपाय नाही. दिवस तीन उरले.
बाईला फोन लावला. म्हटलं, “बाई, पुढच्या महिन्यात केलं तर?”
“बरं,” म्हणाली.
भांडली असती तर बरं झालं असतं. हिनेच मला हात धरून शाळेत नेलं, आणि मी तिला एका मशीनसाठी थांब म्हणतो. लाज वाटली. जेवण गेलं नाही.

११ नोव्हें., मंगळ.
झालं!!
चिठ्ठीबिठ्ठी काढून टाकली. कार्डाच्या स्वतःच्या सेटिंगची फाईल असते, तिथे अकरा नंबर पहिल्यापासून लिहिलेला आहे. त्याच्याच खाली बारा लिहिला. बस. आता कार्ड उठेल तेव्हा दोन्ही नावं घेऊनच उठेल, बाहेरून पुकारायची गरज नाही. हजेरीच्या वहीत लिहायचं सोडून मी दारात उभा राहून ओरडत होतो इतके दिवस.
दहा वेळा बंद-चालू. शेवटच्या तीन वेळा सरळ प्लग उपटून. दहाच्या दहा वेळा दोघे हजर.
बाईला लगेच फोन. “गुरुवारी निघतो. तारीख तीच.”
“मले मालूमच होतं,” म्हणाली. खोटं बोलत होती.

१३ नोव्हें., गुरु.
किल्ली प्रणालीकडे. बजावलं, काही झालं तरी दुरुस्त करायला जाऊ नको, बटण दाब आणि थांब.
“आन् नाहीच आला त?”
“येईल.” खात्री मलाही नव्हती, पण तिला कशाला सांगा.
तुमसर, भंडारा, पवनी, आसगाव. रस्त्याने दोन्ही बाजूंना धान कापणी जोरात.

१४ नोव्हें., शुक्र.
ऑपरेशन नीट झालं. बाईने माझा हात सोडला नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “याले बाहेर पाठवू नका, हा पऱ्हते.” पळतो म्हणे मी. तीन वेळा खिशातला फोन चाचपला. केला नाही.

१६ नोव्हें., रवि.
पेपर अकरा वाजता. दहापासून मी अंगणात येरझारा. बाई काळा चष्मा लावून बाजेवर, “बस ना रे एका जागी!”
दोन वाजता प्रणालीचा फोन.
“काका, पेपरात दोनदा लाईट गेली!”
“मग?” मी म्हटलं.
“चाय होतपर्यंत दोन्ही नंबर आपोआप आले. सगळ्या पोरींनं पेपर देला. कोनी बटनाले हात नाही लावला.”
“चहात साखर होती ना?” असं काहीतरी विचारलं.
संध्याकाळी बाईने चष्मा काढून मला निरखून पाहिलं. “अगाई! केस कुठी गेले तुहे?”
किती दिवस दिसत नव्हतं तिला. सांगितलंही नाही कधी.

२० नोव्हें., गुरु.
घरी. तुमसरहून जुनं खोकं दुरुस्त होऊन आलंय. त्याला बारा नंबर परत द्यायचा तर अकराच्या फाईलमधून काढावा लागेल. दोघांकडे ठेवला तर एकाच बिल्ल्यावर दोन माणसं, ते मात्र खरंच वाईट. नाही दिला तर ज्याचा नंबर त्यालाच नाही. खाणीतल्या माझ्या बिल्ल्याचा नंबरही आता कोणाकडे तरी असेलच म्हणा.
प्रणाली म्हणते, “चालून राहिलं ना, कायले हात लावता?” शीला म्हणते, तेरा नंबर द्या, भिंतीवर जागा आहे. खोकं टेबलावर आहे, वायर गुंडाळून. बघू.
तेवढ्यात बाईचा फोन. दुसऱ्या डोळ्याची तारीख जानेवारीत.
“येसीन ना?”
“येतो,” म्हटलं. मशीनकडे न बघता.