बारा पावलांचा ठिपका

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनीची झोप, दोन्ही ठीक असतील असं धरून चालते. नसतील तर कळव, म्हणजे मलाही कुणाला तरी काही विचारता येईल. मी बरी आहे. (रोज कुणीतरी येऊन विचारतं, त्यामुळे उत्तर पाठ झालंय.)

पत्राचं कारण असं, की आपल्या फुटबॉल क्लबला यंदा चाळीस वर्षं होतात आणि चिटणीसांनी क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर टाकलं आहे. ह्यांना जाऊन दीड महिना झाला, तेवढंच मन रमेल म्हणाले. इतिहास तसा लहान आहे. गोदामातल्या अकरा हमालांनी आणि एका कारकुनाने (म्हणजे ह्यांनी) क्लब काढला. पहिल्या वर्षी सगळ्यात खालच्या श्रेणीत शेवटचे आलो, तेव्हापासून फारसा फरक नाही. एकदा वर चढलो, कारण वरचे दोन क्लब बंद पडले. पुढच्या वर्षी परत खाली. चार पानांत आटोपलं असतं, पण मध्येच टेप निघाली.

तुला ठाऊकच आहे, मैदान आखायचं काम कायम ह्यांचं. दर शनिवारी फक्कीची बादली घेऊन जायचे आणि पेनल्टीचा ठिपका गोलपासून स्वतःची बारा पावलं मोजून टाकायचे. टेप लावणं त्यांना अपमान वाटे. हे गेल्यावर पहिल्यांदाच आपल्या संघातल्या पोस्टमनने टेपने मैदान आखलं, तर नवा ठिपका जुन्याच्या कितीतरी मागे पडला. सगळ्यांना आधी टेपचाच संशय आला. मग सुताराची आणली, मग शिंप्याची, आणि शिंप्याचीही तेच सांगू लागली तेव्हा कुठे लोकांना पटलं. अकरा मीटरच्या जागी साडेआठ भरत होते. कंबर धरल्यापासून ह्यांचं पाऊल दरवर्षी थोडं आखडत गेलं आणि ठिपका गोलकडे येत गेला. (तोटा दोन्ही संघांना सारखाच, असं चिटणीस म्हणतात. असेल, पण पेनल्टी मिळायला आपल्या लोकांनी आधी समोरच्या गोलपर्यंत पोचायला हवं ना.)

म्हणजे आठ वर्षांपूर्वी तू म्हणत होतास ते बरोबर होतं. त्या मोसमात नऊच्या नऊ पेनल्ट्या तुझ्या अंगावरून आत गेल्या. माझ्याच स्वयंपाकघरात तू ओरडलास, "ठिपका पुढे सरकलाय!" आणि हे म्हणाले, "ठिपक्याला पाय नसतात, मेहुणे. वय झालंय, घरी बसा." हातमोजे माझ्या भांड्यांच्या टोपलीत टाकून तू जो गेलास, तो थेट ह्यांच्या अंत्ययात्रेला आलास, तेही फाटकापर्यंतच.

हे सगळं मी इतिहासात लिहिलं आहे. चिटणीस चाचरत म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसाचं असं छापायचं?" त्यांना 'मैदान पोटच्या पोरासारखं जपलं' एवढंच हवं होतं. तेही लिहिलंय. त्याच्या खालीच हे आहे.

तुझी,
धाकटी

ता.क. रविवारी सकाळी नऊला सामना आहे, ये. तुला गोलात उभं करायचा बेत नाही. नवा गोलकीपर मिळालाय; तो अकरा मीटरवरूनही सगळ्या सोडतो.

ता.क. दुसरा. खरं सांगायचं तर इतिहासासाठीही बोलावत नाही. दीड महिना जो येतो तो ह्यांना देवमाणूस म्हणतो आणि चहा पिऊन जातो. कुणाबद्दल बोलतात तेच मला कळेनासं झालंय. ह्यांच्या हट्टीपणाला मनापासून शिव्या देईल असं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. बाकावर माझ्या शेजारी बस आणि आठ वर्षांचं साचलेलं सगळं बोलून टाक. मी ऐकेन, आणि जिथे कमी पडेल तिथे भर घालीन.