खरवडलेल्या गाठी

प्रिय धाकल्या,

तू घर सोडून गेलास त्याला दीड महिना झाला. माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. सगळं वाच, मग हवं तर फाडून टाक.

इकडे संग्रहालयात माझी चांगलीच फजिती झाली. समुद्रातल्या लाल शेवाळाचे नमुने कागदावर वाळवण्याआधी मी चिमट्याने साफ करते, हे तुला पाठच आहे. काहींवर मोहरीएवढ्या फिकट गाठी असायच्या. घाण समजून अकरा वर्षं मी त्या निगुतीने खरवडून फेकल्या. परवा नव्या मॅडमनी एक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि म्हणाल्या, अहो, ही वेगळी जात आहे, लाल शेवाळावर जगणारं लाल शेवाळ. माझ्या टापटिपीचं मलाच फार कौतुक होतं, ते तिथल्या तिथे उतरलं.

हे बांडगूळ परकंही नसतं. बहुतेकदा ज्याच्यावर वाढतं त्याच्याच जवळच्या नात्यातलं. स्वतःचा रंग जवळजवळ गेलेला, त्यामुळे अन्न दुसऱ्याने करायचं. मॅडम सांगत होत्या आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुझे भाऊजी वारल्यावर तू आठ दिवसांसाठी आलास आणि चार वर्षं राहिलास. किती दिवस बांडगुळासारखा राहणार आहेस, असं मी भाजी चिरता चिरता म्हणाले, तुझ्याकडे न बघता. तू तेव्हा माझ्याच मोज्यांच्या जोड्या लावत होतास. सगळ्या लावून झाल्यावर गेलास.

मॅडमनी पुढचं सांगितलं ते मात्र मला झोंबलं. हे शेवाळ नुसतं शोषत नाही. ते यजमानाच्या पेशीला चिकटतं आणि आपलं केंद्रक तिच्या आत सोडतं. पेशी बाहेरून तीच, पण तिने काय करायचं ते आत शिरलेला ठरवतो. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

कारण तू आलास त्याच्या चौथ्या महिन्यात बोट कंपनीचं पत्र आलं होतं. इंजिनाच्या खात्यात नोकरी, वीस दिवसांत हजर व्हा. टपाल रोज तू बघायचास, त्या दिवशी मी आधी बघितलं. रिकाम्या घराची मला फार भीती वाटली, रे. त्यांनी कळवलंच नाही ना, जाऊ दे, इथेच काहीतरी बघ, असं मी तुझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले. त्यानंतर तू कुठे अर्जच केला नाहीस, आणि त्याचा राग मी तुझ्यावरच काढला. ते पत्र सोबत ठेवलंय. मी कंपनीत चौकशी केली. पुढच्या महिन्यात पुन्हा भरती आहे, तुझं वय अजून बसतं, अर्जही जोडलाय. माफी कुठल्या तोंडाने मागू? घरी ये, एवढं मात्र मी लिहिणार नाही. पेन चारदा तिकडे वळलं, चारदा मागे घेतलं.

तुझीच,
ताई