चार शून्यं

प्रिय ठमे,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आहे, तसंच वाच. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं शुद्धलेखन तपासत बसू नकोस. शिवाय हे कागदावरच बरं. कागद त्या कॉम्प्युटरच्या तारेतून जात नाही.

तुझे बाबा गेल्यापासून लॉंड्रीच्या नोंदी मी एका बोटाने बडवत होते. गिऱ्हाईक दारात ताटकळायचं. तूच म्हणालीस, नोंदी साठवणारा तो इस्त्रीच्या खोलीतला सर्व्हर बाहेरून उघडता आला, तर तू तिकडे बसून कामं उरकशील. मग तू फोनवर सांगायचीस आणि मी गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरसमोर चष्मा लावून बटणं दाबायचे. राउटर बंद कर, चालू कर. फायरवॉलमध्ये पोर्ट उघड. तरी तुला आत येता येईना. शेवटी कळलं, बाबांनी तो सर्व्हरचा डबा असा लावून ठेवला होता की तो फक्त स्वतःचंच ऐकायचा, बाहेरच्याला ओ द्यायचा नाही. मी म्हटलं, मालकाचाच गुण. तेवढ्यापुरती हसलीस.

ते सोडवलं, तर कोणाला आत घ्यायचं तिथे तुझ्या कॉम्प्युटरचा पत्ता घालायचा राहिला. लांबलचक आकडा, मध्ये टिंबं. मी चुकले, परत चुकले. तू ओरडलीस, मी तुझ्याहून मोठ्याने ओरडले आणि फोन आपटला. रागाच्या भरात मी तिथे नुसती चार शून्यं भरून टाकली. वाटलं, शून्य म्हणजे कोणीच नको, मिटला विषय. त्या यंत्राच्या भाषेत शून्यं म्हणजे कोणीही या, हे मला कुठलं माहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद आली. मास्तरांचा राखाडी कोट, आतल्या खिशात शाई, डाग हट्टी. म्हटलं, मास्तरांनी तुला फोनवर सांगितलं असेल; लेक गुणाची, शून्यांतूनही वाट काढून, राग विसरून कामाला लागली. दुपारी मास्तर कोट घेऊन आले. पेन नुकतंच फुटलं होतं, शाई माझ्या बोटांना लागली. मग बेकरीवालीचा अ‍ॅप्रन. तोही नोंदीत आधी आला, दुकानात मागाहून. तुला शाबासकी द्यायला फोन केला, तर तू म्हणतेस, आई, मी अजून आत आलेच नाहीये!

डाग हट्टी असं लिहिणारा माणूस एकच होता, तुझे बाबा. तू म्हणालीस, कोणी चोर शिरलाय, त्याचा पत्ता वाचून दाखव. मी वाचला. तू तो परत वाचायला लावलास. मग हळूच म्हणालीस, हा बाहेरचा पत्ता नाही, त्या डब्याचा स्वतःचाच आहे. लिहिणारा त्याच मशीनवर बसून लिहितोय. ठमे, त्या खोलीला कुलूप होतं. त्या डब्याला ना पडदा, ना कीबोर्ड.

भीती वाटली असं म्हणशील, तर नाही. बरं वाटलं. हयातीत ज्याने एक गोष्ट वेळेवर सांगितली नाही, तो आता आगाऊ सांगत होता. सकाळचा चहा मी गल्ल्यावरच्या पडद्यासमोर घ्यायला लागले. बाई एकटी असली की असं होतं, तू हसू नकोस.

मग नोंदीत रंगाऱ्याची पँट आली. गुडघ्यावर फाटलेली, रक्त. कपडा कोणी आणला, असा आपला एक रकाना असतो. त्यात लिहिलं होतं, बायको. संध्याकाळी त्याची बायको पँट घेऊन आली. रंगारी शिडीवरून पडून दवाखान्यात होता. मी तशीच उठले, शून्यं पुसली, राउटरची वायर उपटली. नोंदी थांबल्या नाहीत.

आज सकाळपासून तुला फोन करतेय. बाबांचं नाव काढलं की तू डॉक्टरकडे जा म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे कुरियरने पाठवतेय. आज नोंदीत तुझ्या नावावर कोट आलाय. हिरवा, मोठ्या काळ्या बटणांचा. असा कोट मी तुझ्या अंगावर कधी पाहिला नाही. डावी बाही फाटलेली, पुढून सगळं रक्त. मी ती नोंद खोडली, ती परत आली. पुन्हा खोडली, पुन्हा आली. असा कोट तुझ्याकडे असेल तर घालू नकोस, जाळून टाक. नसेल तर दुकानात पाहिलास तरी हात लावू नकोस. मला वेडी म्हण, पण एवढं ऐक. कारण कोणी आणला, त्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, आई.

वाटेकडे डोळे लावून बसलेली तुझीच,
आई