चाळीस खुर्च्या, अठरा इंची स्पीकर

३ फेब्रुवारी
बँडसाठी स्पीकर मीच निवडणार. विषय संपला. पंचवीसला ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत कार्यक्रम. ग्रंथपालबाईंना आवडला, तर दर शनिवारी. आजवर आम्हाला कुणीही दुसऱ्यांदा बोलावलेलं नाही. कारण आवाज. वाजवणं नव्हे, निदान माझं बेस गिटार तरी नव्हे. आमचा ड्रमर म्हणजे माझा मेहुणा. म्हणतो, खुर्च्या चाळीस, दोन छोटे स्पीकर पुरे. त्याला व्हिजन नाही. त्याच्या बहिणीलाही नाही, पण ते इथे लिहीत नाही.

७ फेब्रुवारी, दुपार
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, ऐकायला माणसं किती? चाळीस म्हणायला जीभ रेटेना. चारशे म्हणालो. त्याने लगेच बसायला खुर्ची दिली. अठरा इंची बेसचे दोन खोके, वर दोन मोठे स्पीकर. रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं, तर शर्टाची बटणं थरथरली. आपला माईक लावून बघ, असं आमच्या गायिकेने बजावलं होतं. विसरलो नाही. गरज वाटली नाही.

१२ फेब्रुवारी
खोके घरी आले. त्यांच्यामागे अडकलेलं साड्यांचं कपाट उघडत नाही. बायको मेहुण्याकडून साडी मागवणार म्हणते. टोमणा आहे. कलेसाठी सोसावं लागतं, असं तिला समजावलं. समजलेलं दिसत नाही.

१९ फेब्रुवारी
सराव. गायिका म्हणाली, माझे शब्दच ऐकू येत नाहीत. तिला शब्द पाठ आहेत, ऐकायचे कशाला? खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दाद द्यायला नव्हे. सराव आटोपता घेतला. फार सराव केला की ताजेपणा जातो.

२४ फेब्रुवारी, सकाळ
खोली पाहून आलो. स्पीकर पुढे ठेवले तर खुर्च्यांच्या दोन रांगा जातात. मागे ठेवणार, आमच्या पाठीशी. मेहुणा म्हणाला, स्पीकरचं तोंड माईककडे आलं की शिट्टी वाजणारच. कुठेतरी वाचलंय त्याने. मी वाचत बसत नाही, मी वाजवतो.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिल्याच ओळीला शिट्टी. चाळीसच्या चाळीस जणांनी कानांवर हात ठेवले. मी आवाज वाढवून शिट्टी दाबायचा प्रयत्न केला. ग्रंथपालबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः प्लग काढला. मग गायिका माईकशिवायच गायली. मेहुण्याने काठ्या ठेवून बोटांनी ताल धरला. माझं गिटार विजेचं. प्लग नसला की त्याचा आवाज माझ्या पोटापलीकडे जात नाही. तरी मी मागे हटलो नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत जीव ओतून वाजवलं. इतकं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी
दर शनिवार मिळाला! ग्रंथपालबाईंची एकच अट: स्पीकर आणायचे नाहीत. पण मी ते आणले नसते तर बंद कसे झाले असते? हे कुणाच्या लक्षात येत नाही. बायको सकाळपासून खूश. प्लग काढल्यावर कार्यक्रम फार गोड झाला म्हणाली, डोळ्यांत पाणी आलं. मी सहज विचारलं, माझं वाजवणं कसं वाटलं. ती केस विंचरायची थांबली.

"अरे, तू वाजवत होतास?"

शनिवारी जरा पुढे उभा राहीन.