तिसऱ्या पुलाखालचा डोह

प्रिय योर्लेनी,

तू पाठवलेले स्वेटर पोचले. आईचा तिला अगदी बेताचा बसला, माझा मात्र पोटावर येऊन अडतो. तिकडे न्यू जर्सीत बायका नवऱ्यांना जेवायला घालत नाहीत का, असं तुझी फ्लोरीमामी विचारत होती. बाकी इथलं सगळं नेहमीसारखं. पाऊस रोज दुपारी येतो, माझा गुडघा त्याच्या आधी तासभर बोंबलतो, आणि तुझी आई अजून सकाळी विल्बर्टचं अंथरूण उन्हात घालते. ती ते उचलायला गेली की मी गोठ्यात काहीतरी काम काढतो. मला ते बघवत नाही.

धबधब्याची वाट परवा पुन्हा उघडली. लोंढ्यात गेलेले पूल नवे बांधलेत, लोखंडी कठडे लावलेत, शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन फोटो काढायला येतात. तुझ्या भावाच्या, विल्बर्टच्या वेळी कठड्याच्या जागी नुसता दोर होता, आणि तो सैल झालेला दोर आवळायलाच तो पाण्यात उतरला होता. खाली लख्ख ऊन होतं गं. डोंगरावर पाऊस झाला की इथे ऊन असतानाच नदी अंगावर येते, हे आपल्याकडच्या पोरांना चालायच्या आधी कळतं. तरी उतरला, कारण ऊन होतं. लोंढा त्याला घेऊन गेला, बरोबरचे दोघे खडकावर चढले म्हणून वाचले. ते बाजारात भेटले की अजून माझी नजर चुकवतात. मी त्यांना मुद्दाम चहाकॉफीला थांबवतो, पण थांबत नाहीत.

दीड वर्ष झालं, आणि घरात नऊ दिवसांची प्रार्थना काही झाली नाही. तुला ते ठाऊकच आहे. ‘प्रार्थना मेलेल्यासाठी करतात. माझ्या पोराला मेलेलं पाहिलंय का कुणी?’ एवढंच तिचं म्हणणं. पाद्रीबाबांनाही तिने अंगणातूनच वाटेला लावलं. डोक्याला मार लागून तो सगळं विसरलाय, खाली सपाटीवर कुणाच्या तरी केळीच्या मळ्यात राबतोय, असं तिने मनाशी धरलंय. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण मला रोज वाटतं की पोर दारात ताटकळत उभं आहे, आणि आपण त्याला आतही घेत नाही आणि जाऊही देत नाही.

शेवटी तुझ्या चेपेमामाने तोडगा काढला. जुने लोक करायचे तसं, सुका भोपळा अर्धा कापून त्यात मेणबत्ती लावायची आणि नदीत सोडायची. बुडालेला जिथे असेल तिथे भोपळा थांबतो. हे ऐकून आई आधी भावावरच चवताळली. मग म्हणाली, ‘चला. थांबला तर करा तुमची प्रार्थना, मी आडवी येणार नाही. नाही थांबला तर हा विषय या घरात पुन्हा कुणी काढायचा नाही.’ मी कबूल झालो. मला ती प्रार्थना हवी होती, योर्लेनी, फार हवी होती.

रविवारी आम्ही चौघं निघालो. केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल, गुळाचं गरम पाणी, सगळं सहलीसारखं. फ्लोरीमामी दर वळणावर बसायची आणि म्हणायची, ‘मला इथेच पुरा, पण आधी तामाल द्या.’ मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन जीभ चावायची. तुझी आई मात्र हसली. इतकी खुशीत मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. नेचे बाजूला सारत सगळ्यांच्या पुढे चालत होती, धबधब्याशी पोचल्यावर तिने सगळ्यांना वाढलं, मला दोनदा आग्रह केला. जिंकणार याची तिला खात्री होती. मेणबत्ती तिनेच पेटवली.

भोपळा पाण्याला लागला आणि आम्ही काठच्या वाटेने त्याच्याबरोबर चालू लागलो. पहिला पूल गेला, दुसरा गेला. तिसऱ्या पुलाखाली, जिथे अंजिराच्या झाडाची मुळं डोहात उतरतात, तिथे तो एकदा फिरला आणि उभा राहिला. दोन्ही बाजूंनी पाणी धावत होतं आणि तो जागचा हलेना. चेपेने टोपी काढली. मामीने छातीवर क्रूस काढला. मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत होती. मग तिने एक काठी उचलली, चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरली, ‘पाल्यात अडकलाय,’ म्हणाली आणि भोपळा ढकलून दिला. तिथे पाला नव्हता. भोपळा जो निघाला तो थेट खालच्या सपाटीपर्यंत गेला. ‘बघितलंत ना?’ तिने विचारलं. बघितलं, असं मीच म्हटलं. घरी येताना तिने माझा हात धरला होता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, खाली बस. सोमवारी पहाटे मीच वासरू सोडून दिलं आणि ते सुटलंय असं सांगून चेपेला घेऊन त्या डोहावर गेलो. कमरेला दोर बांधून मुळांखाली उतरलो. आधी बूट हाताला लागला. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं, मीच लावलेलं. पुढचं तुला सांगत नाही. आम्ही दोघांनी त्याला वरच्या मळ्यात पेरूखाली मातीत ठेवला. सरकारी माणसांना कळवायला हवं होतं, पाद्रीबाबांनाही. पण ते सगळे आधी घरी आले असते, आणि तुझी आई त्यानंतर अंथरुणातून उठली नसती. परत आलो तेव्हा तिने माझ्या पँटवरचा चिखल पाहिला आणि सापडलं का वासरू, एवढंच विचारलं. सापडलं म्हटलं तर बघायला आली असती, म्हणून नाही म्हटलं. तिने कोरडी पँट काढून दिली आणि पुन्हा काही विचारलं नाही. तुला तिथून निघता येत नाही, एकदा निघालीस की कागदांवाचून त्या देशात परत घेणार नाहीत, हे मला कळतं. ये म्हणत नाही. पण प्रार्थना घरच्याच माणसाने करायला हवी, आणि हे घर त्यासाठी बंद झालंय. म्हणून तू कर. नऊ संध्याकाळ, रोज मेणबत्ती लावून, विल्बर्ट आंतोनियो असं त्याचं पूर्ण नाव घेऊन, मोठ्याने. शेजारच्या दोनचार बायका बोलाव, त्यांना कॉफी दे. रडायचं ते तिथेच रडून घे. रविवारी आईचा फोन येईल. विल्बर्टची काही खबर लागली का, असं ती नेहमीप्रमाणे विचारेल. अजून नाही म्हण.

तुझेच,
बाबा