भोंगा गप्प असताना

मंगळवार, ४ मार्च

घरी आलो. ऑपरेशन नीट झालं. घशातली गाठ साधी निघाली – सुटलो! आता तीन आठवडे ह्यांनी तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुजबुजण्यानं उलट जास्त ताण पडतो. खोकला आला तर पाण्याचा घोट घ्यायचा. हसू आलं तर गालातल्या गालात हसायचं.

आणि हे सांगितलं कोणाला? उभा जन्म बस स्टँडवर माइकसमोर गाड्या पुकारण्यात गेलेल्या माणसाला! चालक-वाहक ह्यांना भोंगा म्हणतात. माइक बंद असतानाही ते नाव शोभतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. जखम ओली आहे, एकदा जरी जोरात ओरडले तरी आवाज कायमचा फाटेल म्हणाल्या. फाटक्या आवाजाला माइक कोण देणार? मी ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. पण कळलेलं आहे. परत येताना वाटभर गळ्यावर हात ठेवून बसले होते.

बुधवार, ५ मार्च

घरात इतकी शांतता, की मोरीतला नळ गळतो हे आज कळलं.

गुरुवार, ६ मार्च

खरं सांगू? थोडं बरंही वाटतंय. या घरात बोलणारे तिघं – हे, मी आणि लेक. ऐकणारं कोणीच नाही. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी फोनवर तिघांचं एकदम चालतं. आता पहिल्यांदाच माझं वाक्य शेवटापर्यंत जातंय. कोणी मध्ये तोडत नाही!

ह्यांच्यासाठी पाटी आणली. पण लिहायचा कंटाळा, म्हणून टेबलावर टिचक्या मारतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे आता पुरे. तीन माझ्या वाट्याला फार येतात.

दुपारी मी शिवणाच्या दुकानात असते तेव्हा लेक ह्यांना फोन करते. ती बोलते, हे फोनवर टिचक्या मारतात. जावई म्हणाले, सासऱ्यांशी इतका निवांत संवाद आजवर कधी झाला नव्हता. चावट आहे मेला.

स्टँडवर सध्या रेकॉर्ड केलेली बाई बोलते. गाडी सुटली काय नि रद्द झाली काय, बाईचा सूर तोच. खिडकीखालून जाणारे वाहक सांगतात, लोकांच्या गाड्या चुकतायत. हे ऐकून ह्यांची मान जरा ताठ झाली. स्टँडप्रमुखांनी सांगितलंय, महिनाभर वाट बघू. त्यानंतर काय, ते सांगितलं नाही.

शनिवार, ८ मार्च

आज माझ्यामुळेच घात होणार होता!

ह्यांचा जुना जोडीदार, तो मिशीवाला चालक, बदली होऊन परत इकडेच येतोय. मला बाजारात त्याची बायको भेटली. घरात पाऊल टाकता टाकताच मी सांगून मोकळी झाले. हे खुर्चीतून उठले आणि तोंडातून निघालं – ‘अरे व्–’

अर्धाच शब्द. पण आवाज! गंजलेल्या बिजागरीचा असतो तसा. दोघंही पांढरेफटक पडलो. हे गळा धरून खाली बसले. मी दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यानं काही होत नाही, पण पुन्हा नको. आणि असली कसली वाईट बातमी दिलीत? मी म्हटलं, अहो, वाईट बातमी हे मुकाट्यानं ऐकतात. ह्यांचे वडील गेले तेव्हा दोन दिवस भिंतीकडे बघत बसून होते, चकार शब्द नाही. आनंद झाला की ओरडतात! लेकीचं लग्न ठरलं तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये ते माइकवरून सगळ्या स्टँडला पुकारून सांगितलं होतं. प्रमुखांनी लेखी समज दिली, आणि मग लग्नाला येऊन दोनदा जेवून गेले.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, मग तीन आठवडे आनंद जपून वाढा. लहान चमच्यानं.

ठरलं तर. मोठ्या चांगल्या बातम्या बंद. रोज एकच, बारीकशी.

रविवार, ९ मार्च

पहिला चमचा दिला. कपाटाचा तो अडलेला खण आज आपसूक उघडला. आत हरवलेली कात्री सापडली. हे गालात हसले. घसा शाबूत.

मग मलाही छंदच लागला. दिवसभरात काय काय बारीक छान असतं ते शोधत फिरले. सकाळी ओट्यावर उन्हाचा एक चौकोन पडतो आणि नेमका पिठाच्या डब्यावर येऊन थांबतो. इस्त्री केलेल्या अभ्र्याची उशी. पहिल्याच फटक्यात सुईत गेलेला दोरा. इतकी वर्षं या घरात राहतेय, पण आमच्या आवाजात हे सगळं बुडून जात असावं.

मंगळवार, ११ मार्च

औषध लागू पडलं! ह्यांच्यात कालपासून काय फरक पडलाय म्हणून सांगू! काल संध्याकाळी मी दुकानातून आले तर घरातल्या सगळ्या खिडक्या धुऊन लख्ख. आज मी उठायच्या आत चहा केला, आणि चक्क चांगला केला. जेवताना संत्र्याची साल एका लांब पट्टीत सोलून माझ्या ताटाशी ठेवली. मग जाता जाता डोक्यावरून हात फिरवून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रकार नवीन आहे.

काजेवालीला सांगितलं. ती दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर काज-बटण करते, आणि नवऱ्यांच्या बाबतीत तिचा कशावरच विश्वास नाही. म्हणाली, डॉक्टरांना विचारून बघ, गोळ्या कुठल्या दिल्या. मी म्हटलं, गोळ्या नाहीत गं, माझ्या बातम्या आहेत. एका खणानं आणि एका कात्रीनं माणूस फुलला!

बुधवार, १२ मार्च

नीट लिहिता येत नाही.

लेकीला दिवस गेलेत.

दुपारी दुकानात फोन आला. एरवी ती मला रात्री जेवणानंतर करते. मी कोणाचीतरी पँट उसवत होते, तशीच ट्रायल रूममध्ये जाऊन पडदा ओढून घेतला. मग तिनं सांगितलं. सांगताना आवाज अगदी बारीक. गेल्या खेपेला चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं ना. मी तेव्हा तिच्याकडे महिनाभर राहिले होते. एक क्षण एकटं सोडलं नाही पोरीला, सारखी बोलत राहिले, मन रमावं म्हणून.

आजही तिला धीर दिला. जड उचलू नकोस, पाय वर घेऊन बस, गेल्या वेळचं मनात आणू नकोस, या वेळी सगळं छान होणार – एका दमात सांगून टाकलं. आणि बजावलं, बाबांना एवढ्यात कळता कामा नये! ही बातमी ऐकून ते ओरडणार म्हणजे ओरडणार, आणि आवाज जन्माचा जाणार. ती म्हणाली, ‘अगं आई, पण–’ मी म्हटलं, पण नाही नि बिण नाही. चोवीस तारखेला त्यांना डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, तोवर कळ काढ. मग ती हसली. म्हणाली, ‘बरं. तू म्हणतेस तसं.’

घरी आले. हे दारातच उभे. आजची बातमी काय, म्हणून भुवया उडवल्या. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मुंग्यांवर नवीन पावडर आणलीय.

हे बघतच राहिले माझ्याकडे. मग एक टिचकी मारली.

गुरुवार, १३ मार्च

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे उभ्या गल्लीला माहीत आहे. आणि मी गप्प आहे! तुलाच काय ते सांगते, वहीतल्या पानाबाई.

शनिवार, १५ मार्च

दुकानात मऊ सुती कापडाचा तागा आलाय. फिकट पिवळा. हात लावून बघितला आणि लगेच मागे घेतला. गेल्या वेळी मी फार लवकर शिवायला बसले होते. एवढीएवढी झबली, सगळ्यांना बंद लावून तयार. मग ती उसवायलाही हात होईना आणि कोणाला द्यायलाही. या वेळी कात्री लावणार नाही. नाहीच लावणार.

भीती वाटते. दिवसभर आनंद असतो, आणि मग भाजी चिरताना एकदम भीती वाटते. ह्यांना सांगता आलं असतं तर अर्धी झाली असती.

सोमवार, १७ मार्च

लेकीची गुरुवारी तपासणी आहे. सोनोग्राफीत ठोके दिसायला हवेत. गेल्या वेळी अशाच एका तपासणीत ते सापडले नव्हते.

आज बारीक बातमी काही सुचेना. शेवटी म्हटलं, नळ गळायचा थांबला. ह्यांनी उठून मोरीत जाऊन पाहिलं. नळ गळत होता. पाटीवर काही लिहिलं नाही, मला रागावले नाहीत, नुसते शेजारी येऊन बसले. आम्ही दोघं नळाची टपटप ऐकत बसलो. ह्यांनाही आवाजाचा घोर लागला असणार. तोंडानं बोलता येत नाही, कोंडमारा होतो बिचाऱ्यांचा.

बुधवार, १९ मार्च

दोन शर्टांना उलट्या बाजूनं खिसे लावले. काजेवाली म्हणाली, तुला झालंय काय?

गुरुवार, २० मार्च

ठोके आहेत!

ठोके आहेत. जोरकस आहेत. डॉक्टरांनी तिला ऐकवले, तिनं फोन पुढे धरून मला ऐकवले. धावत सुटल्यासारखे! ट्रायल रूममध्ये पदराचा बोळा तोंडात धरून रडले. बाहेर एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला ताटकळलं होतं. काजेवालीनं त्याला गप्पांत गुंतवलं. मला काही विचारलं नाही. भली बाई आहे.

घरी येताना जिन्यात थांबून चेहरा सारखा केला. वर आले तर हे घरात नाहीत! थोड्या वेळानं पिशवीभर संत्री घेऊन आले आणि सगळ्या इमारतीत वाटत सुटले. खालच्या म्हातारबाबांना दोन, समोरच्या शिक्षिकेला चार, तिच्या मांजराला हुंगायला एक. मुका माणूस दारोदार संत्री वाटतोय आणि का ते कोणालाच कळत नाहीये! शिक्षिकाबाईंनी मला विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, घसा बरा होत आलाय, त्याचा आनंद. ह्यांनी मागून जोरात मान हलवली.

मला तर बरंच झालं. घरात आनंद होताच, त्यात माझा खपून गेला. आज बारीक बातमी द्यावीच लागली नाही.

शनिवार, २२ मार्च

मिशीवाला गाडी घेऊन खिडकीखालून गेला. हॉर्न अगदी हळू वाजवला, आजारी माणसाच्या दारावर थाप मारावी तसा. हे खिडकीत उभे राहून दोन्ही हात हलवत होते. उन्हात मस्त दिसत होते हो!

सोमवार, २४ मार्च

आवाज आहे!

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं. जखम भरलीय. म्हणाल्या, एक ते दहा म्हणा, सावकाश. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ‘एक,’ म्हणाले. जरा खोल गेलाय, खरखर थोडी राहिलीय, पण आवाज ह्यांचाच. दहापर्यंत गेले तोवर माझे डोळे भरले होते. आता रोज मोजकीच वाक्यं बोलायची, हलकेच. ओरडणं अजून नाही. पण पुढच्या महिन्यात माइक घेता येईल – बाईंनी तसं प्रमुखांसाठी लिहूनही दिलं. मी त्यांना मिठीच मारणार होते.

आज संध्याकाळी सांगून टाकणार. आधी खाली बसवीन. हातात पाण्याचा पेला देईन. मग चमच्याचमच्यानं सांगेन. किती दिवस मनात ठेवलंय ते ऐकतील तेव्हा बघायचंय तोंड!

मंगळवार, २५ मार्च

काल सांगितलं. ओरडले नाहीत. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मला ठाऊक आहे. तुझ्या आधी दोन दिवस सांगितलं तिनं.’

माझा चेहरा पडला असावा. आईच्या आधी? मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

‘घाबरली होती गं. म्हणाली, बाबा, कोणाला तरी सांगायचंय, पण कोणी काही बोलायला नकोय. तुम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.’

तेवढ्यात ह्यांची दिवसभराची वाक्यं संपली.

आज सकाळी लेकीला फोन लावला. ‘बोल,’ म्हटलं, आणि पुढे काही बोलले नाही. तिकडूनही कितीतरी वेळ काही नाही. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी.

मी रडू दिलं.