शेवटच्या बाकावरचं घड्याळ

मुक्तावैनी,

हे पत्र तुमच्या दारापोतर यायचं न्हाई, तरी लिवतो.

काल बीडच्या कोर्टात राधाकिशनदादांच्या खुनाच्या खटल्यात आमदारांच्या वकिलानं माझी उलटतपासणी घेतली. म्हणाला, "आप्पाराव, राधाकिशनला गाडीत कोंबणारी माणसं तुम्ही किती लांबून पाहिली?"

"शंभर पावलांवरून."

"आणि तुमची नजर?"

"अधू हाय. दहा पावलांपुढचं तोंड वळखू येत न्हाई."

हे उत्तर मला आधीच पढवलं होतं. ऊस तुटला की खतासाठी माझी मेंढरं आमदारांच्याच रानात बसतात. त्यांनी न्हाई म्हणलं तर कळप कुठं न्यायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण सिंदफणा नदीच्या पल्याड चरणारं मेंढरू कुणाचं, हे मी नुसत्या चालीवरून सांगतो, हे तुमाला ठावं हाय. ती तर रोज राम राम घालणारी माणसं होती.

जज माझा जबाब लिवून घेत होते, तवा तुमी पार दाराजवळ, शेवटच्या बाकावर बसला होता. मी मान वर करायला नको होती. तुमच्या मनगटात दादांचं घड्याळ होतं. पट्टा सैल होतो म्हणून त्याला लाल दोरा गुंडाळलेला.

दोऱ्याला तीन वेढे होते, वैनी.

तुमचा म्हणवत न्हाई,
आप्पाराव